गाडीचं बाळंतपण

जानेवारीत आरव्ही घेऊन मोआबला जायचं, हे माझ्या नवऱ्याने ठरवलं. उन्हाळ्यात अमेरिकेच्या युटा राज्यातल्या त्या लाल खडकांत पारा चाळिशीला टेकतो आणि आर्चेस नॅशनल पार्कच्या फाटकावर गाड्यांची रांग लागते. जानेवारीत चिटपाखरू नसतं. का नसतं, तर रात्री पारा शून्याखाली सहा-सात अंश उतरतो म्हणून.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. फक्त या घराचे पाइप आणि टाक्या पोटाखाली वाऱ्यावर असतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि लागणारी जागा पाइप फोडून मिळवतं. त्यामुळे डेन्व्हरहून निघण्याआधीच गाडीला बाळंतिणीसारखं जपणं सुरू झालं. पाइपांना विजेवर तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळल्या, छताच्या झरोक्यात उशी कोंबली, खिडक्यांना चंदेरी फॉइल लावलं. म्हणजे जे लाल खडक बघायला साडेतीनशे मैल जायचं, ते दिसणार नाहीत याची व्यवस्था घरीच झाली.

सासूबाई मनमाडहून आलेल्या होत्या. आपल्या मुलाला सांडपाण्याच्या टाकीत गुलाबी अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओतताना पाहून म्हणाल्या, "अरे, एवढं सरबत मोरीत का ओततोयस?" त्याने समजावलं, की हे प्रॉपिलीन ग्लायकॉल, बिनविषारी, मोटारीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल मात्र विषारी. "मग प्यायला दे की," त्या म्हणाल्या.

कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन आजोबा होते. असे आजोबा बहुधा जागेच्या भाड्यातच धरलेले असतात. त्यांच्या आरव्हीला वारा अडवायला खालपर्यंत झालर, पाण्याची नळीसुद्धा विजेवर तापणारी. संडासच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरली की एकदमच सोडायची, नाहीतर थेंबथेंब नळीत गोठत जातं, हे त्यांनी नवऱ्याला ज्या तपशिलाने सांगितलं, त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

वीज मिळाली तीस अँपिअर, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. दीड हजार वॉटचे दोन हीटर लावून किटली सुरू केली की अंधार. चहा की पाय, यावर घरात मतदान झालं. पाय हरले. प्रोपेन गॅसची भट्टी होती, पण तासाला तीस हजार बीटीयू (उष्णतेचं माप) खाणारी ती भट्टी अखंड चालली तर वीस पौंडांचं सिलिंडर चौदा-एक तासांत संपतं. सासूबाईंचं सिलिंडर दोन महिने जातं. त्यांनी भट्टीकडे उधळ्या सुनेकडे बघावं तसं पाहिलं. (मीही तिथेच उभी होते.)

रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, म्हणजे पाइपांना ऊब लागते. "नळाला शेक आणि मला मोजे," सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या. त्यात चार माणसांच्या श्वासाची वाफ खिडक्यांवर जमून पहाटे अंगावर ठिबकते. ती जावी म्हणून छताच्या झरोक्यातली उशी पुन्हा काढायची आणि विकतची गरम हवा मोआबला दान करायची. नवरा दर तासाला थर्मामीटर बघून यायचा आणि दार उघडून आत अजून थोडी थंडी आणायचा.

सकाळी नळाला पाणी नाही. आमच्या पंपापाशी गोठलेलं. बाहेर आजोबांची तापणारी नळी ठणठणीत होती, पण कॅम्पग्राउंडचा नळच गोठलेला. दहानंतर येईल, असं कळलं. त्यांनी आपली टाकी नळीच्या भरवशावर रिकामी ठेवली होती.

सासूबाईंनी मात्र रात्री झोपण्यापूर्वी दोन पातेली, कुकर, तांब्या आणि नातवाची वाळूची बादलीसुद्धा भरून ठेवली होती. मनमाडमध्ये आयुष्य काढलेली बाई नळावर विश्वास ठेवून झोपत नाही. आजोबा कॉफीचं भांडं घेऊन दारात आले, तेव्हा सासूबाईंनी तांब्याने मोजून दोनच कप पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग, हे फक्त प्यायला. अंघोळीला आज सुट्टी."