बांध नसलेलं गाव

पुण्यामुंबईहून कुणी आमच्याकडे नॉटिंगहॅमला राहायला आलं की दुसऱ्याच दिवशी फर्माईश येते, "एखादं टिपिकल इंग्लिश खेडं दाखव ना!" त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला ठाऊक आहे. मधाच्या रंगाचे दगड, दारावर चढलेला गुलाब, ओढ्यात बदकं. म्हणजे कॉट्सवोल्ड्स भागातली गावं. मी नेतेही. ती घरं देखणी आहेत, त्यात वादच नाही. पण एकदा ऐन हिवाळ्यात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला तशाच एका गावातून चालत गेले, तर ओळीनं खिडक्या काळ्या. सुट्टीपुरती उघडणारी घरं. रस्त्यावर ना माणूस, ना चुलीचा धूर. तेव्हापासून मनात आहे की आपण खेडं बघायला जातो आणि घरं बघून परत येतो.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी लॅक्सटन म्हणते. नॉटिंगहॅमशायरमध्येच, ओलर्टन आणि टक्सफर्डच्या मधे, आमच्या घरापासून गाडीनं पाऊण तास. फोटोसाठी काही खास नाही. लाल विटांची घरं, कौलारू छपरं, एक चर्च, एक पब. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि हवेला शेणखताचा वास. पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि त्या वासानं मला थेट आमच्या माण तालुक्यातल्या गावात नेऊन उभं केलं.

लॅक्सटनची खरी गोष्ट गावाबाहेर आहे. तिथे तीन मोठाली शेतं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड. प्रत्येक शेत म्हणजे अख्खं शिवारच. कुंपण नाही, झुडपांची वई नाही, मधे बांध नाही. नजर टाकावी तिथपर्यंत सलग जमीन. पण ती एकाची नाही. तिचे लांबच लांब पट्टे पाडलेले आहेत आणि एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले. एक पट्टा चढावर, एक पाणथळीला, एक गावालगत. चांगली जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडी, वाईटही सगळ्यांच्या वाट्याला थोडी. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातली असंख्य गावं अशीच कसत होती. आज ही पद्धत आणि ती चालवणारी गावसभा, दोन्ही जिवंत असलेलं लॅक्सटन हे एकच गाव उरलंय.

तीन शेतांची फेरपालट ठरलेली. एका शेतात थंडीआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर सरकतं. कुणाच्या मनात आलं म्हणून पड शेतात गहू पेरता येत नाही, कारण शेत गावाचं आहे आणि बिवड, म्हणजे पीक पालटून जमिनीत राहणारा कस, सगळ्यांचा आहे.

परवाच्या मे महिन्यात आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथे घेऊन गेले. आण्णा पंच्याहत्तरीचे. लंडन ब्रिज बघताना ते नुसते "बरं आहे" म्हणाले होते. लॅक्सटनला वाटेवर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हितं बांध कुटं हाय गं?"

मी म्हटलं, "बांध नाहीच आण्णा."

"आसं कसं? मग ह्याचं कुटं संपतं आन् त्याचं कुटं सुरू होतं?"

मी त्यांना खुंटी दाखवली. साधी लाकडी खुंटी, गव्हात अर्धी लपलेली. तिच्यापासून शेताच्या दुसऱ्या टोकाच्या खुंटीपर्यंत मनातल्या मनात दोरी धरायची, अलीकडचं एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं. आण्णा खाली बसले. ढेकूळ फोडून बघितलं. तिथली माती तांबडी आणि भारी चिकट, वाफसा यायला वेळ घेणारी. मग त्यांनी हात लावून खुंटी हलते का ते पाहिलं. हलली नाही. त्यांचा हात तिच्यावर जरा वेळ तसाच राहिला.

आमच्या घरात बांध हा साधा शब्द नाही. आण्णा आणि त्यांचे चुलतभाऊ यांची बांधाची केस सतरा वर्षं चालली. वाद होता जेमतेम दीड हात जमिनीचा. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरला जायचा, मग शिवीगाळ, मग मोजणी, मग तारीख. आईचे पाटल्या-बिलवर त्यात गेले. दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणं सोडलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. साताऱ्यात बांध म्हणा, विदर्भात धुरा म्हणा, आपल्याकडे बहुतेक घरांत अशी एक केस असते, किंवा होऊन गेलेली असते.

आणि लॅक्सटनचा कारभार नेमका ह्याच दुखण्यावर उभा आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले ज्यूरी, म्हणजे तिथे कसणारीच माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतात जातात. पट्टा न् पट्टा बघतात. खुंट्या नीट करतात, हललेली जागा पुन्हा मोजून नवी ठोकतात. चर साफ आहेत का, कुणी वाटेत नांगर घातलाय का, कुणी शेजाऱ्याच्या हद्दीत नांगराचं तास ओढलंय का. आपल्या भाषेत सांगायचं तर बांध कोरलाय का! मग पबमध्ये जेवण आणि तिथेच बसून दंडाचा निर्णय. आठवड्याभरानं 'कोर्ट लीट', म्हणजे गावकोर्ट, भरतं. तिथे हजेरी होते, दंड जाहीर होतो, पुढच्या वर्षीचे ज्यूरी नेमले जातात. दंड काही पौंडांचा. रकमेला कुणी घाबरत नाही, पण आपलं नाव सगळ्यांसमोर वाचलं जाणं कुणालाच नको असतं.

हा उत्सवातला देखावा असेल असं मला आधी वाटलं होतं, शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळे असतात तसा. तसं नाही. 1977 साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून जवळपास सगळ्या जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले. लॅक्सटनच्या कोर्टाला मात्र त्याच कायद्यात नाव घेऊन वगळलं. त्यामुळे त्याचा शब्द आजही चालतो.

एका नोव्हेंबरात मी वाटेच्या कडेला उभं राहून ती ट्रॉली शेतात फिरताना पाहिली. हाडं गोठवणारी थंडी, बारीक पाऊस. एकजण वाकून जुनी खुंटी शोधत होता, दुसरा लांबून हातानं डावीकडे-उजवीकडे सांगत होता, तिसऱ्यानं हातोडा उचलला. चार ठोके. ट्रॉली पुढे. ज्याच्या पट्ट्याची हद्द ठरत होती तो माणूस तिथेच, त्याच ट्रॉलीत असणार. आमच्या सतरा वर्षांचं काम चार ठोक्यांत झालेलं मी बघत होते. मला रडू आलं, आणि ते लिहिताना मला संकोच वाटत नाही.

शेतांमधे काही सखल, ओलसर पट्टे नांगराविना सोडलेले आहेत. त्यांना 'साइक' म्हणतात. तिथलं गवत सगळ्यांचं, उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो. पिढ्यान् पिढ्या नांगर न लागल्यामुळे तिथे रानफुलांची अशी दाटी आहे की त्यांना निसर्गसंपदा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. आण्णांनी बघितलं आणि एकच शब्द म्हणाले, "गायरान." बरोबर ओळखलं. आमच्या गावचं गायरान आता सातबाऱ्यावर उरलंय. जमिनीवर शोधायला गेलात तर पत्र्याच्या शेड सापडतील.

इंग्लंडमध्येही हे असंच गेलं, फक्त तिथे ते संसदेच्या शिक्क्यानं गेलं. 1604 ते 1914 या काळात पाच हजार दोनशेहून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमिनीभोवती कुंपणं पडली. इंग्लंडच्या एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. सामाईक शेतं गेली, चराऊ रानं गेली, सरपण गोळा करायचा हक्क गेला. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना जमीन मिळाली. ज्यांच्याकडे फक्त एक गाय आणि वहिवाट होती, त्यांच्या हाती फार काही राहिलं नाही. आज आपण आगगाडीच्या खिडकीतून बघतो ती हिरव्या झुडपी कुंपणांची चौकटी-चौकटीची गोधडी, जिला आपण 'अस्सल इंग्लिश कंट्रीसाइड' म्हणून फोटो काढतो, तिचा बराच भाग ह्याच कुंपणांनी शिवलेला आहे. मला ती गोधडी आता पूर्वीसारखी निखळ सुंदर दिसत नाही.

लॅक्सटन वाचलं कसं? इथले दोन मोठे जमीनदार, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, यांचं आपसात जमलं नाही हे त्याचं एक मोठं कारण. जमिनींची अदलाबदल ठरेना, म्हणून कुंपण पडेना. दोन बड्यांच्या न पटण्यानं गरिबाचं भलं झाल्याची इतिहासात फार उदाहरणं नसतील. पुढे 1952 मध्ये ही जमीन सरकारच्या शेतीखात्याकडे आली, 1981 मध्ये राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या क्राउन इस्टेटकडे, आणि 2020 मध्ये पुन्हा थॉर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच जुन्या वतनाकडे. मालक बदलले, शेतांची पद्धत राहिली.

1635 सालचा लॅक्सटनचा एक नकाशा आहे, मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदारानं काढलेला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा, तो कोण कसतो ते, आणि मधेमधे नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसं काढलेली आहेत. आपल्याकडे शहाजीराजे आदिलशाहीत जायच्या सुमाराचा हा कागद. त्यातल्या शेतांत आजही त्याच पद्धतीनं पेरा होतो.

गावाची ठेवणसुद्धा ह्या शेतांनीच घडवली आहे. इतर ठिकाणी कुंपणं पडल्यावर बरेच शेतकरी आपापल्या सलग जमिनीत घर बांधून राहायला गेले. म्हणून इंग्लंडमध्ये माळावर एकेकटी फार्महाउसं दिसतात. लॅक्सटनला जमीन तिन्ही दिशांना विखुरलेली, मग राहणार कुठे? गावातच. एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना घर, मागे खळं, गोठा, कोठार. आपल्या गावठाणासारखं. संध्याकाळी ट्रॅक्टर एकामागून एक घरी येतात आणि कोण अजून आलं नाही ते सगळ्या रस्त्याला कळतं.

एक शब्द सांगायचा राहिला. आमची आजी अंतर सांगताना "हितनं दोन फर्लांग" म्हणायची. फर्लांग म्हणजे इंग्रजीत मुळात 'एका तासाची लांबी'. तास म्हणजे नांगराचं तास. बैल न थांबता जेवढं लांब तास ओढतील तेवढं अंतर, पुढे ते 220 यार्ड ठरलं. अशाच शेतांतून तो शब्द निघाला, साहेबाच्या मैलदगडांवरून आमच्या माणदेशात आला आणि आजीच्या तोंडी बसला. आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पायानं अंतर टाकायला सुरुवात केली. मी त्यांना अडवलं नाही.

लॅक्सटनचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून संख्या कमी केली, कारण फार लहान तुकड्यांत राबणं परवडत नव्हतं. आज यंत्रं अजून मोठी झालीत. कसणारी कुटुंबं मोजकीच उरलीत. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे तिथला शेतकरी कूळ आहे, मालक नाही. त्यामुळे वारसांमध्ये वाटणी होत नाही, पट्ट्याचे आणखी पट्टे पडत नाहीत. आपल्याकडे कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालकी दिली, ती मिळायलाच हवी होती, त्यावर मी एक पाऊलही मागे यायला तयार नाही. पण मालकीबरोबर गावकीही टिकवायला हवी होती. 1947 साली मुंबई प्रांतानं तुकडेबंदीचा कायदा केला, तुकडे हाच रोग धरून. लॅक्सटनला तुकडेच तुकडे आहेत. तिथे ते भांडणाचं मूळ झाले नाहीत, कारण हद्द कोण ठरवणार, कधी ठरवणार आणि चुकलं तर काय, हे शेजाऱ्यांनी आपल्या हातात ठेवलं. आपण ते पाच-पन्नास किलोमीटरवरच्या इमारतीत नेऊन ठेवलं.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. गडचिरोलीतलं मेंढा लेखा डोळ्यांसमोर आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणून त्या गावानं आपलं जंगल स्वतः सांभाळलं आणि 2009 साली त्यावरचा सामूहिक हक्क कायद्यानं मिळवला. आणि इर्जिक, पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं मिळून राबणं, हे तर माझ्या पिढीनं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

चर्च बघायला विसरू नका. आत जुन्या जमीनदार घराण्यातल्या एका बाईचा ओकच्या लाकडातला मध्ययुगीन पुतळा आहे. दगडी पुतळे पुष्कळ ठिकाणी सापडतात, लाकडी दुर्मीळ. गावाच्या उत्तरेला मातीच्या किल्ल्याचा उंचवटा आहे, वर चढलं की आजूबाजूचा मुलूख दिसतो. आम्ही गेलो तेव्हा वर चंडोल ओरडत होता.

यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे, ज्यूरीची ट्रॉली निघते त्या दिवशी. तारीख नक्की झाली की इथेच टाकते. गाडीत तीन जागा आहेत. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरकडचं कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. गमबूट लागतील, ती माती सोडत नाही. आणि वाटेवरूनच चालायचं, पेरलेल्यात पाय घालायचा नाही. आण्णांनी गावाहून सांगितलंय, गेल्यावर व्हिडिओ कॉल लाव आणि खुंटी ठोकतात ते जवळून दाखव.