आम्ही हरलो आणि खजिनदाराला झोप लागली

परवा शनिवारी आमचा फुटबॉल क्लब प्ले-ऑफच्या, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या सामन्यांच्या, सेमीफायनलमध्ये पेनल्टीवर हरला. शेवटची पेनल्टी आमच्या लेफ्ट बॅकने अशी काही मारली की बॉल गोलच्या आडव्या दांड्यावरून, मागच्या जाळीवरून, थेट पलीकडे लावलेल्या गाड्यांत गेला. तासाभराचा प्रवास करून आलेली आमची शंभरेक माणसं डोकं धरून उभी राहिली. मीही धरलं. पण त्याच क्षणी माझ्या पोटातला महिनाभराचा गोळा सुटला, आणि त्या रात्री मी मार्चनंतर पहिल्यांदा सलग सात तास झोपलो.

मी त्या क्लबचा खजिनदार आहे.

हे इंग्रजीत लिहायची माझी छाती नाही, कारण क्लबातली निम्मी माणसं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. म्हणून मराठीत. आता कुणी भाषांतराचं बटण दाबलंच तर ते माझं नशीब.

मी कोल्हापूरचा, गेली चौदा वर्षं यॉर्कशायरमधल्या एका लहान गावात राहतो. मुलगा ज्युनियर टीममध्ये खेळायचा म्हणून ग्राउंडवर जायला लागलो. एका पावसाळी रविवारी कुणीतरी विचारलं, "तू अकाउंट्समध्ये आहेस ना?" मी हो म्हणालो. सहा वर्षं झाली त्याला. मुलाने फुटबॉल कधीच सोडला, आता तो गिटार वाजवतो. मी अजून क्लबच्या बारचा गल्ला मोजतोय.

आपल्याकडे इंग्लंडचं फुटबॉल म्हणजे प्रीमियर लीग. रात्री जागून बघतात ते. तो वरचा थर. त्याच्यासकट वरचे चार थर धरले की ९२ क्लब होतात, आणि त्यांच्या खाली जे काही आहे ते सगळं 'नॉन-लीग'. नाव फसवं आहे. इथे लीगना तोटा नाही, फक्त १८८८ साली सुरू झालेली 'ती' फुटबॉल लीग नाही, एवढाच अर्थ. दहीहंडीचा मनोरा डोळ्यासमोर आणा. आम्ही वरून नवव्या थराला. त्यातही नॉन-लीगवाले आपले थर वेगळे मोजतात, त्यांची पहिली पायरी म्हणजे एकंदर पाचवा थर. त्या हिशेबाने आम्ही 'स्टेप फाइव्ह'. ऐकायला बरं वाटतं.

या मनोऱ्याची खरी नशा अशी की खालचा गडी वर चढू शकतो. आधी फुटबॉल लीगमध्ये कुणाला घ्यायचं हे तिथले क्लब मत देऊन ठरवायचे, आणि आपल्यातल्याला कोण बाहेर काढणार? १९८७ साली पहिल्यांदा नॉन-लीगचा विजेता थेट वर गेला, तो आमच्याच यॉर्कशायरचा स्कारबरो. तेव्हापासून कागदावर तरी दार उघडं आहे. आणि उघड्या दारासारखी माणसाला बिघडवणारी दुसरी गोष्ट नाही.

आमच्या चेअरमनची दोन पुराणं आहेत. पहिलं जेमी वार्डीचं. शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्समध्ये तो आठवड्याला तीस पौंडांवर खेळायचा आणि २०१६ साली लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. दुसरं मरीनचं. लिव्हरपूलजवळचा आठव्या थरातला हा क्लब, जानेवारी २०२१ मध्ये एफए कपात (लहानमोठ्या क्लबांची एकत्र बाद स्पर्धा) त्यांच्या घरी प्रीमियर लीगमधलं टॉटनहॅम आलं. कोविडमुळे मैदानात प्रेक्षक नाहीत, तर त्यांनी दहा पौंडांची खोटी तिकिटं काढली. म्हणजे फसवणूक नव्हे, पैसे देऊन कुठेही बसायचं नाही असं तिकीट. तीस हजारांहून जास्त खपली! सामना ०-५ हरले, पण त्याचं कोणाला काय. दर एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, ही दोन्ही पुराणं होतात आणि शेवटी वाक्य येतं, "अँड व्हाय नॉट अस?"

का नाही, ते माझ्या वहीत आहे.

वर गेलो असतो तर पहिला प्रश्न मैदानाचा. वरच्या पायरीसाठी जास्त खुर्च्या, जास्त छप्पर, गेटची वेगळी व्यवस्था. प्रमोशन मिळाल्यावर पुढच्या मार्चअखेरपर्यंत हे सगळं उभं करायचं, नाहीतर माणूस पट्टी घेऊन येतो, मोजतो आणि तुम्ही पुन्हा खाली. मग प्रवास. आता खेळाडू चार-चार जण एका गाडीतून जातात, पेट्रोलचे पैसे देतो, संपलं. वरच्या विभागात एका शनिवारी टाइन नदीच्या काठी आणि पुढच्या मंगळवारी रात्री लिंकनशर असं होऊ शकतं, म्हणजे बस आली. आणि मग 'बजेट'. इथे नुसतं बजेट म्हटलं की वीज-पाण्याचं नाही, खेळाडूंना आठवड्याला द्यायच्या पैशांचं. मॅनेजरने पुढच्या थरासाठी मागितलेला आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की आमच्या गेटवर दोनशे-सव्वादोनशे माणसं येतात, तिकीट आठ पौंड, पेन्शनरांना पाच, आणि आमची निम्मी माणसं पेन्शनर आहेत.

"वर गेलो की गर्दी वाढेल," चेअरमन म्हणतो. वाढेलही. तीस माणसांनी.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं हो, ते भरणारा कुणीतरी एकजण असतो. आमच्याकडे तो चेअरमनच आहे. पंधरा वर्षं तो वर्षाअखेरची भोकं खिशातून बुजवतोय. माणूस सोन्यासारखा आहे, आणि तोच आमचा सगळ्यात मोठा धोका आहे. तो सत्तरीला आलाय. त्याच्या मुलाला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही.

तर त्याच्या दोन पुराणांवर माझीही दोन. 'बरी' (Bury) या क्लबचं नाव ऐकलंय? मँचेस्टरच्या शेजारी, १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ असा दोनदा एफए कप जिंकलेला. पैशांच्या घोळात ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने बाहेर काढला. हंगाम सुरू झालेला आणि क्लब नाही. लोकांनी हार मानली नाही, २०२३ साली आमच्याच नवव्या थरातून नाव पुन्हा उभं केलं, आणि या थराला न शोभणारी, हजारांतली गर्दी तिथे जमली. छान आहे. पण बरीमागे सव्वाशेहून जास्त वर्षांची पुण्याई होती. आम्ही बुडालो तर आमच्या जागी घरं होतील. बिल्डरचं पत्र येऊन गेलंय एकदा.

दुसरं जर्सी बेटावरच्या जर्सी बुल्स या क्लबचं. २०१९-२० मध्ये सत्तावीस सामने खेळले, सत्तावीस जिंकले. मार्चमध्ये कोविड आला आणि आमच्यासारख्या खालच्या थरांचा अख्खा हंगाम पुसून टाकला गेला. झालाच नाही असं समजायचं. मी तेव्हा नवा खजिनदार होतो. निकाल पुसले, गुण पुसले, बिलं मात्र कुणी पुसली नाहीत.

मागच्या वर्षी, २०२५ साली, फुटबॉल क्लबांच्या पैशांवर लक्ष ठेवायला इथे स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. बरीचं झालं तसं होऊ नये म्हणून. चांगला कायदा आहे, पण त्याची नजर वरच्या पाच थरांपर्यंत. आमच्या थराला नियामक म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि बिस्किटांच्या डब्यातली सुटी नाणी.

लोकांना वाटतं हंगाम संपला की आम्ही मोकळे. अहो, खरा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. त्याआधीचा एप्रिल तर विचारूच नका. हिवाळ्यात पावसाने रद्द झालेले सगळे सामने तिथे येऊन साचतात, शनिवार-मंगळवार-गुरुवार-शनिवार. दिवसभर प्लंबिंग, गवंडीकाम, शाळेत शिकवणं करून आलेली पोरं ही. शेवटच्या आठवड्यात आमचा सेंटर हाफ वॉर्म-अपच्या वेळी गोलपोस्टला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. आणि सामना दुपारी एकला रद्द झाला की काय होतं सांगू? छापलेले प्रोग्रॅम रद्दी, मागवलेले साठ पाय फ्रीजरमध्ये. (पाय म्हणजे खायचे. आत मांस भरलेले, वर हिरव्या वाटाण्याचा लगदा. चौदा वर्षांत मला तो लगदा आवडायला लागलाय, घरी सांगू नका.)

मे लागला की ग्राउंडसमन विरुद्ध खजिनदार हा वार्षिक सामना. ग्राउंडसमन म्हणजे मैदान राखणारा, चौऱ्याहत्तर वर्षांचा. यॉर्कशायरची जुनी माणसं पुरुषालासुद्धा 'लव्ह' म्हणतात, पहिल्या वर्षी मी दचकायचो. मला हवं असतं मैदान भाड्याने द्यायला. आसपासच्या रविवारच्या लीगच्या फायनल मॅच मेमध्येच असतात, दोन टीम, त्यांचे काका-मामा, बार भरून वाहतो. त्याला हवं असतं शेवटच्या शिट्टीनंतर सोमवारी सकाळी मैदान बंद. मातीला भोकं पाडणारं यंत्र भाड्याने आणायचं, वाळू टाकायची, राय गवताचं बी पेरायचं, आणि मग सहा-आठ आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिली फ्रेंडली, मागे मोजत या, बरोबर त्याचंच. "नो, लव्ह," एवढंच म्हणतो आणि किल्ल्या खिशात टाकतो. या वर्षी प्ले-ऑफमुळे त्याची पेरणी आधीच लांबली होती. तो माझ्याशेजारी उभा होता शनिवारी. पेनल्टी वर गेली तेव्हा मी हळूच त्याच्याकडे पाहिलं. त्याचाही चेहरा फार दुःखी नव्हता. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही.

बी पेरलं जातं तेवढ्यात टीम उगवून दुसरीकडे जाते. आमच्या थराला बहुतेक खेळाडू करारावर नसतात. हंगाम चालू असताना दुसऱ्या क्लबाला आमचा खेळाडू हवा असेल तर सात दिवसांची नोटीस देऊन मगच त्याच्याशी बोलायचं, हा नियम. मेमध्ये सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर. आठवड्याला वीस पौंड जास्त मिळाले की पोरगं गेलं. आणि त्याला मी बोल लावणार नाही, त्याच्या घरी बाळ आहे. तीन वर्षांपूर्वी आमचा मॅनेजर गेला आणि त्याच्यामागून नऊ जण गेले. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे एक गोलकीपर, दोन मिडफिल्डर आणि धुतलेल्या जर्सींचा एक पूर्ण संच होता.

मग मी म्हणतो, पैसे खेळाडूंवर कमी करा. स्पष्ट सांगतो, मला शिव्या पडतील. नवव्या थराला कुणी खेळून श्रीमंत होत नाही, पण क्लब मात्र गरीब होतो. तोच पैसा क्लबहाउसच्या गळक्या छपरात घाला. कारण उन्हाळ्यात आम्हाला जगवतं ते क्लबहाउस. बारसं, साठी, लग्नाची पार्टी, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे अंत्यविधीनंतरचा चहा. गेल्या दिवाळीत आपल्या मराठी मंडळींनाही हॉल दिला. भाड्यात सूट मागणारे एकमेव गिऱ्हाईक तेच. दिली. फराळाचं एक ताट ग्राउंडसमनला गेलं, तो अजून चकलीबद्दल विचारतो.

कोल्हापूरचे मित्र म्हणतील, एवढं काय त्यात, आपल्या तालमी नाही का फुटबॉल टीम चालवत? तेच तर मनात घोळतंय. पोरवयात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील तालीम (पीटीएम) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघताना हा खर्च कोण करतो असं कधी मनात आलं नाही. तालमीला पेठ असते. इमारत असते, गणपती असतो, फुटबॉल त्यातलाच एक. पाणी कोण वाहणार हे कुणी विचारत नाही, त्या पेठेत जन्मलास म्हणजे तू वाहणार. तिकडेही आता बाहेरचे, परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ आहे आणि तिचं बिल कुणाच्या तरी खिशाला बसतंच. पण एक फायनल हरली म्हणून किंवा एक पैसेवाला उठून गेला म्हणून तालीम बंद पडली असं मी ऐकलेलं नाही. इथे आमच्या कमिटीत माझ्यानंतरचा तरुण माणूस एकसष्ट वर्षांचा आहे. गेटवरच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन जुलैत, म्हणजे ऑगस्टमध्ये एफए कपाची अगदी सुरुवातीची फेरी आली की गेटवर कोण? (हो, तोच एफए कप. सुरुवात आमच्यासारख्यांपासून होते. ती फेरी जिंकली की हजार पौंडांहून थोडे जास्त मिळतात. मी त्या सामन्याला मनापासून ओरडतो.)

काल चेअरमनचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की, एक चांगला स्ट्रायकर बघून ठेवलाय. मी म्हणालो, छपराचं कोटेशन आलंय. दोघेही थोडा वेळ गप्प. मग तो म्हणाला, एजीएमला बघू.

एजीएम जूनच्या तिसऱ्या गुरुवारी. कोरम बारा जणांचा. गेल्या वर्षी दोघांना बारमधून उठवून आणावं लागलं होतं, त्यातला एक तर दुसऱ्याच क्लबचा समर्थक निघाला.