‘फक्त सह्या करणारे पद’? आरोग्य योजनांतील फसवणुकीच्या तपासाविषयी एक प्रतिवाद

मुंबईतील वैद्यकीय आणि प्रशासकीय वर्तुळांत सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: शासकीय आरोग्य योजनांतील खोटे दावे आता संगणकच पकडतो, अमेरिकेतही तसेच चालते, त्यामुळे पुढचा तपास ही औपचारिकता उरली आहे, तपासी अधिकाऱ्यांवर नेमलेला पर्यवेक्षण अधिकारी केवळ सह्या करतो आणि प्रकरणे रखडवतो, हे काम डॉक्टरांच्या समितीकडे द्यावे, आणि ज्या पथकाने अधिक गुन्हे नोंदवले, त्यालाच यशस्वी मानावे. संदेशामागचा संताप खरा आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खोट्या शस्त्रक्रियेपोटी गेलेला रुपया हा परळच्या रुग्णालयांबाहेर पदपथावर दिवस काढणाऱ्या कुणाच्या तरी उपचाराचा रुपया असतो. नेमक्या त्याच कारणासाठी हा संदेश खोडून काढणे मला आवश्यक वाटते, कारण तो मानला गेला तर दोषी सुटतील.

संगणकापासून सुरुवात करू. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेविषयी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात असे आढळले की ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक होता आणि तो म्हणजे दहा वेळा नऊ. प्रणालीत मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावे उपचार दाखवल्याच्या नोंदीही अहवालात होत्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की लाभार्थ्याची ओळख मोबाइल क्रमांकावरून ठरत नाही. तसेच रुग्ण दाखल झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत उपचाराच्या खर्चाला पूर्वमान्यता मागणारी विनंती पाठवण्याची मुभा रुग्णालयांना असल्यामुळे, विनंती जाण्यापूर्वीच रुग्ण दगावला तर मृत्यूची तारीख आधीची दिसते. हा खुलासा सर्व प्रकरणांना लागू पडतो की नाही, हा येथे प्रश्नच नाही. एकाच नोंदीतून फसवणूकही दिसू शकते आणि आणीबाणीत केलेला प्रामाणिक उपचारही, आणि या दोहोंतला फरक संगणकाला कळत नाही. तो कळतो वॉर्डातील केसपेपर, परिचारिकेची नोंदवही, औषध दुकानाची बिले आणि नातेवाइकांचा जबाब एकमेकांशी ताडून पाहिल्यावर. संगणक संशय घेतो. न्यायालयात मात्र पुरावा लागतो.

अमेरिकेचा दाखला तर संदेशाच्या विरोधातच जातो. तेथे १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील वृद्धांच्या शुश्रूषागृहांचे गैरव्यवहार उघड झाले आणि १९७५ मध्ये त्यांच्यासाठी विशेष अभियोक्ता नेमला गेला. १९७७ मध्ये संघीय कायद्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतील फसवणुकीच्या तपासासाठी राज्यांच्या स्वतंत्र पथकांना पैसा देण्याची व्यवस्था केली. या पथकात वकील, लेखापरीक्षक आणि तपास अधिकारी एकत्र असावेत आणि दाव्यांचे पैसे चुकते करणाऱ्या यंत्रणेपासून ते वेगळे असावे, अशी अट आहे. पथकांच्या कामकाजाच्या मानकांत वरिष्ठांनी प्रकरणांचा ठरावीक काळाने आढावा घ्यावा आणि त्याची नोंद फाइलमध्ये ठेवावी, असेही सांगितले आहे. संदेशात ज्याला ‘सह्या’ म्हटले आहे, ती ही नोंद.

आता त्या सह्यांमागे काय असते ते पाहावे. अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या, रुग्णालयाने हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्याचा दावा केला आणि तो खोटा असल्याची तक्रार आली, तर उत्साही तपासी अधिकारी प्रथम डॉक्टरांना बोलावून घेतो. अनुभवी पर्यवेक्षण अधिकारी त्याला थांबवतो, कारण चौकशीची कुणकुण लागताच कॅथलॅबची, म्हणजे जेथे स्टेंट बसवतात त्या कक्षाची, नोंदवही नव्याने लिहिली जाण्याचा धोका असतो. आधी ती नोंदवही, स्टेंटच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिकटपट्टी, वितरकाचे खरेदी बिल आणि अँजिओग्राफीची मूळ चित्रफीत ताब्यात घ्यायची, आणि मग जबाब. स्टेंट बसवल्याच्या वेळी तो बसवणारा हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदीत हजर दिसतो का, हेही पर्यवेक्षण अधिकारी तपासायला सांगतो. हा क्रम चुकला तर पुढे कितीही कष्ट घेऊन तो दुरुस्त होत नाही.

दाव्याची माहिती सर्व्हरवर असते, आणि तिच्या छापील प्रतीला स्वतःचे वजन नसते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरण न्यायालयात आणता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कोणत्या उपकरणातून कसा काढला हे सांगणारे विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ही तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. दोषारोपपत्राच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्राची आठवण होणे आणि पहिल्याच आढाव्यात त्याविषयी विचारणा होणे, यांतल्या अंतरावर कित्येकदा सगळा खटला अवलंबून असतो.

अटकेचेही तसेच आहे. आरोपी कोठडीत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावे लागते, अन्यथा आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. शेकडो केसपेपर तपासायचे असताना घाईने केलेली अटक वर्तमानपत्रात शोभते आणि न्यायालयात अंगाशी येते. म्हणून अटकेआधी थांबावे लागते, आणि लोक त्या थांबण्याला रखडणे म्हणतात. ललिता कुमारी प्रकरणातील २०१३ च्या निकालात गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने व्यापारी स्वरूपाच्या गुन्ह्यांत मर्यादित मुदतीची प्राथमिक चौकशी मान्य केली होती, हेही येथे लक्षात घ्यावे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रुग्णाचा प्रश्न, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. खोट्या दाव्यावर अंगठा रुग्णाचा असतो, कार्ड त्याचे असते. नंदुरबार किंवा यवतमाळहून आलेल्या माणसाला आपल्या नावावर कोणती शस्त्रक्रिया दाखवली गेली, हे बहुधा ठाऊकही नसते. पोलिसांचा फोन आला की पहिली भीती वाटते ती उपचार बंद होण्याची, आणि तो ‘मला काही माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याला साक्षीदार मानायचे की सहआरोपी, जबाब त्याच्या गावी जाऊन त्याच्या बोलीत घ्यायचा की त्यालाच मुंबईला बोलवायचे, आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीला, त्या वेळी दूर ठेवायचे की नाही, हे निर्णय कनिष्ठ अधिकाऱ्यावर सोडून देता येत नाहीत. माझ्या मते पर्यवेक्षण अधिकाऱ्याची पात्रता येथेच कळते.

डॉक्टरांच्या समितीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शस्त्रक्रिया आवश्यक होती का, यावर तज्ज्ञांचे मत हवेच, आणि वैद्यकीय निष्काळजीपणाच्या फौजदारी प्रकरणांत स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितले आहे. परंतु शस्त्रक्रिया झालीच नाही, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. समितीला झडती घेता येत नाही, बँक खाते गोठवता येत नाही.

राहिला गुन्ह्यांचा आकडा. फसवणुकीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. लिपिकाने चुकीचे पॅकेज (उपचाराचा ठरावीक दर) निवडल्याने जास्त रक्कम गेली असेल, तर ती वसूल करावी. तेथे गुन्हा नोंदवून शेवटी ‘सी समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, पाठवण्यात कोणाचेही हित नाही, आणि तालुक्यातील एकमेव अंगीकृत रुग्णालय त्या काळात योजनेबाहेर राहिले, तर त्याची किंमत रुग्णच मोजतो. आकडाच मागायचा असेल, तर किती दोषारोपपत्रे न्यायालयात टिकली, किती रक्कम परत आली आणि तक्रारीपासून पहिला मूळ दस्तऐवज ताब्यात येईपर्यंत किती दिवस गेले, तो मागावा. काही प्रकरणे खरोखरच विनाकारण पडून राहतात, आणि त्याचा जाब पर्यवेक्षण अधिकाऱ्यालाच विचारला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक आढाव्याची तारीख आणि दिलेल्या सूचना फाइलमध्ये लिहिलेल्या असल्या पाहिजेत, म्हणजे विलंब तपासाच्या गरजेतून झाला की दुर्लक्षातून, हे कागदावरून ठरवता येईल.