चकचकीत फ्लोअर म्हणजे चांगलं गरबा ग्राउंड? अजिबात नाही

नवरात्र जवळ आली की बडोद्यात तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो: पास घेण्याआधी फ्लोअर बघा, गुळगुळीत टाइल्स किंवा काँक्रीट असेल तर बेस्ट, कार्पेट असेल तर सेफ, लाकडी असेल तर डोळे झाकून घ्या, आणि मातीचं ग्राउंड म्हणजे नुसती धूळ नि खडे, तिकडे जाऊच नका. मंडळी, हे पाळलंत तर गुडघे जातील, म्हणून लिहितेय.

टाइल्सचं आधी. आपल्याकडे गरबा अनवाणी खेळतात, थोड्या वेळात तळव्यांना घाम येतो, त्यात कुणाच्या बाटलीतलं पाणी सांडलं की त्याच गुळगुळीत टाइलवर गिरकी घेताना माणूस सरळ आडवा. घसरण थोडी हवीच, पण थोडीच.

काँक्रीट तर त्याहून वाईट, कारण ते जरासुद्धा दबत नाही, म्हणजे उडी मारून खाली आलात की सगळा दणका टाचेत, नडगीत, गुडघ्यात, आणि तीन तीन तास, नऊ रात्री. युरोपात स्पोर्ट्स हॉलच्या फ्लोअरसाठी ईएन १४९०४ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात फ्लोअरने काँक्रीटच्या तुलनेत किमान २५ टक्के दणका शोषला पाहिजे असं आहे. म्हणजे तिथे काँक्रीट हा शून्य मार्कांचा फ्लोअर आणि आपण त्याला बेस्ट म्हणतोय!

लाकडी फ्लोअर चांगला, पण खाली पट्ट्या किंवा रबर देऊन तो उचललेला असेल तरच. बऱ्याच हॉलमध्ये लॅमिनेट थेट लादीवर चिकटवलेलं असतं, दिसतं लाकूड, वागतं काँक्रीट. टाच आपटून बघा, आवाज पोकळ आला आणि पायाखाली जरा लवल्यासारखं वाटलं तर ठीक.

कार्पेट सेफ? त्याच्याखाली खड्डा दिसत नाही, जोडावर बोटं अडकतात आणि गिरकीत पाऊल चिकटून राहतं, अंग मात्र फिरतं, तो पीळ जातो गुडघ्यात.

आता माती. खडे टोचतात हे खरंच आहे आणि त्यावर लोक चिडतात ते बरोबरच आहे, पण तो दोष मातीचा नाही, ग्राउंड तयार न करणाऱ्यांचा आहे. माती चाळून खडे वेचले, रोलर फिरवला, संध्याकाळी हलकं पाणी मारलं की धूळ बसते, जमीन पायाला थोडी दबते आणि पाऊल फिरतं पण सुटत नाही, अनवाणी गरब्याला अजून काय पाहिजे? फक्त आश्विनात पाऊस रेंगाळतो, तेव्हा पाणी कुठून निघणार हे आयोजकांना आधीच विचारा. आणि पास घेण्यापूर्वी दिवसाउजेडी चपला काढून ग्राउंडवर एक चक्कर मारा, मधे पण आणि कडेला पण, कारण खडे कडेलाच जास्त राहतात. चक्कर मारू देत नसतील तर तो पास मी तरी घेणार नाही.