मनगट सैल सोडा म्हणे

टीटीमध्ये, म्हणजे टेबल टेनिसमध्ये, बॅकहँड टॉपस्पिन हा शॉट पन्नाशीला टेकलेल्या माणसाने शिकू नये असा काही कायदा नाहीये, पण असायला हवा होता. फोरहँडचं कसं, हात बाजूला मोकळा असतो, मागे न्या पुढे आणा, जागाच जागा. बॅकहँडला बॅट पोटासमोरून निघते, आणि तिथे ऑलरेडी पोट आहे.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक टेबल आहे. खेळताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण बॉलचं वजन 2.7 ग्रॅम, पंख्याच्या वाऱ्याने तो आपला रस्ता सोडतो. म्हणजे ठाण्यातला मे महिना, बंद खोली, बंद पंखा आणि समोर आमचा कोच. कोच म्हणजे इंजिनिअरिंगला असलेला बिल्डिंगमधलाच मुलगा, ज्युनिअर्सला बऱ्यापैकी खेळलेला, स्वभावाने अतिशय गरीब. तो म्हणतो, "काका, गुडघे वाकवा, कोपर पुढे घ्या, बॅट खाली, मनगट आत वळवा, टोक पोटाकडे. झालं? आता एकदम रिलॅक्स व्हा."

अरे बाबा, एवढं सगळं केल्यावर माणूस रिलॅक्स कसा होणार, त्याला फक्त फिजिओ लागणार.

थिअरी मला तोंडपाठ आहे, त्यात कोणी हात धरणार नाही. बॉलला ठोकायचं नाही, वरून घासायचं. घासला की तो पुढच्या दिशेने गरगर फिरतो, हवेचा दाब त्याला खाली ढकलतो, म्हणून जोरात मारलेला बॉलसुद्धा 15.25 सेंटीमीटरच्या नेटवरून जाऊन पटकन टेबलावर उतरतो. न घासता तेवढाच जोर लावला तर तो समोरच्या भिंतीवरच्या मेंटेनन्स थकबाकीच्या नोटीसवर उतरतो. त्या नोटीसवर आमच्या विंगची नावं आहेत, माझंही आहे, आणि ते मी वारंवार टिपलेलं आहे.

खरी गोम मनगटात आहे. ताकद खांद्यातून काढायची नाही, कोपर जागेवर ठेवून त्याच्याभोवती पुढचा हात उलगडायचा आणि शेवटी अगदी बॉल लागताना मनगट सुटलं पाहिजे. कोच म्हणतो फ्रिस्बी फेकता ना, तस्सं. आता आमच्या लहानपणी फ्रिस्बी कुठली असायला, घरात स्टीलची ताटली होती, आणि ती फेकली असती तर आईने आधी आम्हाला फेकलं असतं. आणि आयुष्यभर बाइकचा क्लच, लोकलचा दांडा, भाजीच्या पिशव्या घट्ट धरून धरून पक्कं झालेलं हे मनगट, त्याला अचानक सांगायचं की बाबा आता सैल हो. ते ऐकत नाही. बॉल येताना दिसला की सगळ्यात आधी तेच आवळतं, मग खांदा मदतीला धावतो, मग कंबर, आणि मग बॉल सोडून सगळं हलतं.

त्यातून समोरच्याने चॉप केलेला असला, म्हणजे बॉल खालून कापून उलटा फिरवलेला असला, की अजून मजा. तो उचलायला बॅट टेबलाच्या पातळीच्याही खाली न्यावी लागते आणि बॉल आखूड पडलेला असला तर वर येताना बोटं टेबलाच्या कडेला लागतात. मधल्या बोटाच्या पेरावरचं सालटं माझं कायम निघालेलंच असतं, ऑफिसात सगळ्यांना वाटतं घरी काही काम करतो.

रात्री यूट्यूबवर चीनचा फान झेंडोंग बघायचा. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं गोल्ड घेतलं त्याने, आणि बॅकहँड असा की बघून आपलाच हात शिवशिवायला लागतो. स्लो मोशनमध्ये तर अगदी सोप्पं वाटतं, हे काय, एवढंच तर आहे. प्रॉब्लेम एवढाच की माझा फुल स्पीड आणि त्याचं स्लो मोशन साधारण सारखंच आहे.

शॅडो प्रॅक्टिस करा म्हणाला कोच, म्हणजे बॉलशिवाय नुसता हात फिरवायचा. ती मी लिफ्टमध्ये करतो, आरसा आहे म्हणून. कॅमेरा पण आहे हे लक्षात आलं ते वॉचमनने गेटवर अडवून विचारलं तेव्हा, "साहेब, हाताला काय झालंय का? नाय, दोन-तीन दिस बघतोय."

आणि हे सगळं कोणासाठी, तर बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांसाठी. काका जागेवरून हलत नाहीत. घामही येत नाही त्यांना. बॅटच्या एका बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब लांब दाण्यांचं रबर. कुणी तोंड वाकडं केलं की लगेच, "मनिका बत्रा पण हेच लावते, 2018 ला कॉमनवेल्थचं गोल्ड आणलंय तिने." नियमाने एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची असते, समोरच्याला कळावं म्हणून. मला रंग कळतो हो. त्याचं पुढे करायचं काय ते कळत नाही.

तर गेल्या रविवारी ते झालं. काकांचा सुस्त पुश बॅकहँडला आला, मी वाकलो, आणि का कोण जाणे मनगट सुटलं. आवाजच वेगळा आला, टॉक नाही, खस्सकन. बॉल नेटवरून वळून खाली शिरला, पोरं ओरडली, "काकाऽऽ!" मी दोन्ही हात वर केले.

पण काकांनी नुसती बॅट धरली होती, आणि बॉल परत आला. कारण लाँग पिंपल्सला लागून आपली फिरकी तशीच राहते, फक्त आता ती उलट्या बाजूने आपल्यालाच येते, म्हणजे जेवढा भारी टॉपस्पिन तेवढाच भारी चॉप परत. हात खाली आणेपर्यंत बॉल माझ्या बॅटला लागून नेटमध्ये.

"छान होता रे तुझा शॉट," काका म्हणाले, "नऊ-चार."

कोच धावत आला. "काका, परफेक्ट! आता फक्त याच्यापुढचा बॉल शिकायचा. तो जरा वेगळा असतो, त्याला बॅटचा अँगल उघडायचा, कोपर थोडं मागे..."

मी म्हटलं आधी पंखा लाव.