दोन इंच रेतीखालची खुंटी

आज आपल्या तालुक्याच्या बीच व्हॉलीबॉल स्पर्धेत एका पोरीचा तळवा फाटला. अंगठ्याखालून आडवा, चार टाके. कोर्टाच्या कोपऱ्यात रेषेची पट्टी ताणायला लोखंडी खुंटी ठोकली होती अन् तिच्यावर दोन इंच रेती होती. उघडी असती तर दिसली तरी असती.

स्कोअर 12-9. दोन्ही बाजूंचे मिळून दर 7 गुणांनी कोर्ट बदलतात, तशी नुकतीच बाजू बदलली होती. पहिलाच बॉल समोरचीनं मागच्या कोपऱ्यात टाकला. ही धावली, बॉल उचललाही, अन् तिथंच बसली. "पट्टी बांधा सर, मी खेळतो," हेच म्हणत होती सारखी. दुखापतीला पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात रक्त थांबलं नाही. या खेळात बदली खेळाडू नसतोच. एक गेली की जोडी गेली. जोडीदार पोरगी खांबाला धरून उभी होती, तिला तर खरचटलंही नव्हतं.

वर आयोजकांपैकी एक जण म्हणतो, "भाऊ, खेळात लागतेच."

नाही लागत! पडलं तरी लागू नये अशा मऊ रेतीत हा खेळ खेळतात, अनवाणी खेळतात, आणि म्हणूनच रेती किमान 40 सेंटिमीटर खोल हवी असा नियम आहे. कोर्ट 16 बाय 8 मीटर. नुसतं तेवढंच भरायचं म्हटलं तरी 18 ब्रास रेती लागते (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). चारही बाजूंनी 3 मीटर मोकळी जागा धरली, अन् ती धरायलाच पाहिजे, तर 43-44 ब्रास. आज पडल्या होत्या पाच ट्रॉल्या. ट्रॉलीला एक ब्रास धरा, हिशोब करा: कोर्टावर जेमतेम चार इंच थर, बाहेर तर तेवढाही नाही. खाली रोलर फिरवलेला मुरूम. त्या चार इंचांत खुंटी लपवणार किती खोल?

खुंटी लागतच नाही हो. पट्टीसाठी खाटेची नायलॉनची निवार घ्या, 5 सेंटिमीटर रुंदीची, गडद रंगाची. कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा करा. युरियाच्या रिकाम्या चुंगडीत रेती भरून तोंड बांधा, ती खड्ड्यात आडवी पुरा, तिच्यापासून सुतळी वर आणा. सुतळी अन् निवार यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधा. पाय अडकला तर पट्टी ताणली जाते, पोरगी पडत नाही. चार कोपरे, चार चुंगड्या. यात खर्च किती आला सांगा?

खांबांचंही तेच. काल रात्री खांब रोवले अन् तारेचे ताण देऊन खुंट्यांना बांधले. ताणाच्या तारा चालतच नाहीत या खेळात. खांब रेषेपासून 70 सेंटिमीटर ते 1 मीटर लांब, खाली काँक्रीटमध्ये पक्के, अन् त्यांना गादीचा फोम गुंडाळलेला, असे हवेत. जाळी पोरांना 2.43 मीटर, पोरींना 2.24. ती मधोमध मोजायची, तीही रेती फावड्यानं सपाट केल्यावर. नाहीतर दुसऱ्या मॅचपर्यंत जाळीखाली पायांनी खड्डा पडतो अन् पोरींना पोरांची जाळी खेळावी लागते.

अन् रेती कोणती? यावर्षी म्हणे "थोडी चुरी मिसळू, स्वस्त पडते." क्रशरच्या चुरीला धारा असतात. ती गुडघे सोलते, अन् एक पाणी पडलं की सिमेंटसारखी बसते. नदीची धुतलेली, गोल कणाची रेतीच पाहिजे. पारख सोपी आहे. काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, हलवा अन् ठेवून द्या. वर मातीचा जाड थर बसला तर ती रेती परत पाठवा. ओली रेती मुठीत दाबून तिचा लाडू वळला, वाळल्यावरही फुटला नाही, तरी परत पाठवा. आपल्या काळ्या रेगडीवर थेट रेती टाकली की पहिल्याच पावसाळ्यात खालचा चिखल वर येतो आणि रेती गिळून टाकतो. आधी माती काढायची, मग मुरूम, मग गिट्टी, पाणी बाहेर जायला भोकं पाडलेला पाइप, त्यावर पाणी झिरपेल असं जाड कापड, अन् मग रेती. प्लास्टिक अंथरू नका, तळं होतं.

रेती महाग आहे, घाटाचा लिलाव झाला नाही तर ती मिळतही नाही, हे मान्य. स्पर्धा भरवली हेच खूप, हेही ऐकलं. ठीक आहे.

पण मग नदीवर जा ना! हिवाळ्यानंतर वैनगंगेचं, वर्धेचं, कन्हानचं पात्र उघडं पडतं. तिथं जाळी बांधायला एक टोपलं रेती हलवावी लागत नाही. उपसा झालेल्या खड्ड्यांपासून अन् धारेपासून लांब जागा बघा, वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का विचारा, कोर्टातली वरची फूटभर रेती चाळणीतून काढा. काच, शिंपले, गोटे सगळं निघतं. उन्हाळ्यात सकाळी 6 ते 8 खेळायचं. चंद्रपूरकडच्या 45 डिग्रीत दुपारी त्या रेतीवर पाय ठेवून दाखवा.

"आपल्याकडं समुद्र कुठाय" हे तर कुणी बोलूच नका. लंडनला 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ शहराच्या मधोमध, हॉर्स गार्ड्स परेडवर रेती आणून खेळवला. 2024 मध्ये पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी. 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे हा खेळ. आपल्या देशात 2025 मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर खेलो इंडियाच्या बीच गेम्स झाल्या, त्यातही होता. दारं उघडताहेत, अन् आपण पोरींना खुंटीवर पळवतोय.

या पोरी खेळतात कशा ते एकदा बघाच. मातीवर सहा जणांचा व्हॉलीबॉल खेळून आलेल्या, तरी महिनाभरात किती बदलल्या. मातीवर लांब धाव घेऊन उडी मारायची सवय असते, रेतीत पाय रुततो अन् माणूस जाळीत जातो. त्या आता आखूड तीन पावलं टाकून सरळ वर उडतात. बोटांनी बॉल हळूच टाकणं इथं फाउल असतं, तर बोटं दुमडून पेरांनी टाकायला शिकल्या. ब्लॉकला हात लागला की तो पहिला टच धरतात, तीनपैकी पुढे दोनच उरतात. हे सुरुवातीला सगळ्याच विसरतात. ही नव्हती विसरत. जाळीशी उभ्या जोडीदारानं पाठीमागे एक बोट दाखवलं की ती रेषेलगतचा फटका अडवणार, दोन दाखवली की तिरपा. ही सर्व्हिसला उभी राहायची अन् मान हलवायची. बॉलसुद्धा स्वतः दाबून बघायची, कारण रेतीतल्या बॉलमध्ये हवा कमी असते, दर चौरस सेंटिमीटरला 0.175 ते 0.225 किलो दाब. मातीवरच्या कडक बॉलनं सराव केला की वाऱ्यात अंदाज चुकतो. एवढं सगळं त्या पोरीला कळत होतं. कोपऱ्यात लोखंड पुरलंय हे तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिला दवाखान्यात नेल्यावर काय झालं माहीत आहे? रक्ताची रेती फावड्यानं बाजूला केली, खुंटीवर दुसरी रेती ओढली, अन् पुढची मॅच लावली.

उद्या सकाळी 7 ला फायनल आहे. आपल्यापैकी जो कोणी जाईल त्यानं सोबत पहार, चार रिकाम्या चुंगड्या अन् एक जुनी ट्यूब न्यावी. साडेसहाच्या आत चारही कोपरे उकरा. ताणाच्या तारांच्या खुंट्या वेगळ्या आहेत, खांबांच्या दोन्ही बाजूंना. त्याही मोजून काढा.