खुराक पैलवानाचा, मेहनत शेजाऱ्याची

भावा, पहिलं म्हणजे तुझं पोट सुटलंय हे डोक्यातनं काढून टाक. सुटलेलं नाय ते, साठवलेलं हाय. कोल्हापूरच्या माणसाच्या अंगात पैलवानकी असतीयाच, आज्जा तालमीत होता, आज्जा नसला तर चुलत आज्जा होता, तोपण नसला तर तालमीच्या मागच्या बोळात राहायला तरी होता, आणि एवढ्या भांडवलावर तुला दिवसाला दीड लिटर दूध, सहा अंडी आणि रविवारी अर्धा किलो मटण खायचा वडिलोपार्जित हक्क लागतोय. आता तो आज्जा पहाटे चारला उठून हौदा, म्हणजे तालमीतली कुस्तीची माती, उकरायचा, हजार-हजार जोर मारायचा, बैठका काढायचा आणि वर दोन-दोन तास लढत करायचा, पण त्या जुन्या भानगडी. वाटणीत सगळंच घ्यायचं नसतंय. खुराक तू घे, मेहनत चुलतभावाच्या नावावर टाक.

मी का सांगतोय? तर माझा ह्यातला अनुभव दांडगा हाय. चार वर्षांत तीन जिमची वर्षाची फी भरलीय आणि तिन्हीकडं मिळून एकवीस दिवस गेलोय, त्यातले दोन दिवस फी परत मिळतीय का ते विचारायला.

तर सुरुवात चालण्यापासनं. सकाळी साडेसहाला रंकाळा तलावावर जायचं, नवीन शूज, कानात इअरफोन, आणि बाकावर बसून पहिला फोटो टाकायचा. मग चालायचं, पण ओळखीचं कोण भेटलं की थांबायचं, आणि रंकाळ्यावर ओळखीचं भेटत नाय असं होत नाय. तासभर न थांबता चालला असतास तर अडीचशे-तीनशे कॅलरी गेल्या असत्या, पण तुझा तास म्हणजे वीस मिनिटं चाल आणि चाळीस मिनिटं महापालिकेचं राजकारण, आणि राजकारणानं फक्त तोंडाचे मसल वाढतात. तिथनं थेट मिसळ. का? तर 'चालून आलोय की'. आता कटावर, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्यावर, जे लालभडक तेल तरंगतंय त्याचा एक मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरीच्या आसपास, असले दोन चमचे पोटात गेले की तुझा रंकाळा परत जाग्यावर. वर फरसाण, चार स्लाइस ब्रेड, आणि कट एक्स्ट्रा, कारण कटाला पैसे पडत नाहीत आणि फुकटच्या गोष्टीला कॅलरी नसतात असं आपल्यात मानतात. मटकीत प्रोटीन असतंय हे खरं हाय, कुणी टोकलं तर तेवढं म्हणायचं. फक्त ती मटकी फरसाणाखाली शोधायला लागती, त्यात जो व्यायाम होतोय तो बोनस.

मटणाच्या ताटावरपण असंच शास्त्रशुद्ध बसायचं. पांढरा रस्सा पातळ असतोय, पातळ पिऊन माणूस पातळच होणार, साधा हिशोब हाय. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ आणि मटणाचा अळणी रस्सा असतोय हे वाढप्याला माहीत असू दे, तू वाटी पुढं कर. फॅट म्हणजे ग्रॅमला 9 कॅलरी, प्रोटीन आणि भात-भाकरीतलं कार्ब ग्रॅमला 4, असलं काय कोण ताटावर बोलायला लागला तर त्याला पुण्याचा हाय का विचारायचं. विषय तिथंच बंद.

आता प्रोटीन. मसल पाहिजे असलं तर किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन रोज लागतंय असं जाणकार सांगतात, म्हणजे तू 80 किलोचा धरला तर 130 च्या घरात. (तू 80 चा नाहीस हे मला माहीत हाय, पण चारचौघांत तोच आकडा धरू.) तुला वाटंल सोपं हाय, गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊ, डोळ्यासमोर म्हशीची धार काढून घेऊ आणि फेसासकट लावू ग्लास तोंडाला. लाव की! म्हशीच्या दुधात शंभर मिलीला प्रोटीन चारेक ग्रॅम आणि फॅट सहा-सात टक्के. नुसत्या दुधावर 130 ग्रॅम करायचं म्हटलं तर सव्वातीन लिटर प्यायला लागंल, तीन हजारांच्या वर कॅलरी त्यातच झाल्या आणि अजून तू जेवलेला नाहीस. हाडाच्या पैलवानाला हे पचायचं, कारण सकाळ-संध्याकाळ तो मातीत सगळं जाळायचा. तुझ्या दिवसातलं सगळ्यात मोठं जळण म्हणजे ॲक्टिव्हाचं पेट्रोल.

ज्यानं तालीम सोडली आणि खुराक सोडला नाही असे जुने गडी प्रत्येक पेठंत आहेत, दारात खुर्ची टाकून बसलेले, कान मोडलेला आणि पोट मांडीवर ठेवलेलं. त्यांनी निदान तालीम सोडली तरी होती. तू न धरताच सोडलीयास, म्हणून तर मी तुला मानतो.

दुधावर भागत नसलं तर डबा घे, पाच किलोचा, काळा, वर दंड फुगवलेला गोरा माणूस छापलेला. आत असतंय व्हे, म्हणजे घरात पनीर केल्यावर आई जे पिवळट पाणी मोरीत ओतती त्यातलंच प्रोटीन गाळून, सुकवून, चॉकलेटचा वास लावून. वाईट नसतंय ते, पण आईला हे सांगू नकोस, मागच्या तीस वर्षांच्या पनीरचा हिशोब मागंल. आणि डबा किचनमध्ये कपाटात ठेवायचा नाही. टीव्हीशेजारी ठेवायचा, पाव्हण्यांना दिसंल असा. निम्मं मसल तिथंच तयार होतंय.

जिममध्ये गेल्यावर फक्त दंड. पाय करायचे नाहीत, पायाला पँट असती. पाठ करायची नाही, आरशात दिसत नाही. पाच किलोचं डंबेल उचलायचं आणि वर्षभर त्याच डंबेलशी इमान राखायचं, कारण वजन हळूहळू वाढवत न्यायला लागतंय, नायतर मसलला वाढायचं काय कारणच राहत नाही, असं ट्रेनर पोरगं सांगतंय, पण त्याचं वय बावीस आणि तुझ्या आज्जाची पैलवानकी केवढी जुनी! पोटासाठी दोनशे क्रंचेस मारायचे. क्रंचेसनं पोटाखालचा मसल घट्ट होतोय, वरची चरबी हाय तिथंच राहती, कारण चरबी अंगातनं कुठनं कमी करायची ते शरीर आपल्या मनानं ठरवतंय, तू बोट दाखवलंस तिथनं नाही. म्हणजे आत सिक्स पॅक आणि वर गादी. झाकली मूठ.

किलोभर चरबीत 7,700 च्या आसपास कॅलरी असतात. रोज पाचशे कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो जाईल न जाईल. एवढा धीर कुणाला हाय मर्दा? त्यापेक्षा भर उन्हाळ्यात जर्किन घालून पळ, घाम गाळ, लगेच काट्यावर उभा राहा, किलोभर कमी दिसंल, त्याचा फोटो काढ आणि मगच पाणी पी. नायतर भात-भाकरी एकदम बंद कर, पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरंल, ते साठवलेल्या साखरेबरोबर धरलेलं पाणी असतंय, पण ग्रुपवर कोण पाणी आणि चरबी वेगळी करून विचारत नाही. दुसऱ्या आठवड्यात पाव्हण्यात लग्न निघतंयच, पाणी परत आपल्या घरी.

मुहूर्ताचंपण बघायला लागतंय. आषाढात सुरू करू नकोस, मंगळवार-शुक्रवारी पी ढबाक वाद्याच्या तालावर त्र्यंबोली देवीला पाणी वाहायचं आणि त्यानंतर गल्लीत मटणाचं जेवण, तिथं उकडलेलं ब्रोकोली घेऊन बसलास तर गल्ली वाळीत टाकंल. श्रावणात अंडी बंद. मग गणपती, दसरा, दिवाळी, थंडीत डिंकाचे लाडू, चैत्रात जोतिबा, आणि मे महिन्यात आंबा, त्याला नाही म्हणणं म्हणजे पाप. राहिला पितृपंधरवडा, पण त्यात नवीन काम सुरू करत नाहीत.

परवा एका तालमीत सहज डोकावलो. माती उकरत बसलेले वस्ताद मला वरपासनं खालपर्यंत बघून म्हणाले, "काय रं, आज्जाचं नाव सांगतोस, आज्जाचं वजन किती होतं माहीत हाय का?" मी म्हटलं पैलवान होता म्हणजे असंल की नव्वद-शंभर. "बासष्ट," वस्ताद म्हणाले, आणि परत फावडं मारायला लागले. आता ह्यावर काय बोलणार? मनात आलं, ते खाशाबा जाधव इथंच राजाराम कॉलेजात शिकले, 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधनं कुस्तीचं कांस्यपदक आणलं ते 57 किलोच्या गटात. आपली तर एक मांडीच त्या गटात बसायची. मी शांतपणे शूज घातले आणि निघालो, वाकून लेस बांधताना जरा दम लागला, पण ती हवा तिथली कोंदट असंल.

आणि झोप. मसल जिममध्ये वाढत नाही, विश्रांतीत वाढतोय, सात-आठ तास झोप पाहिजे, म्हणून आपण रात्री एकपर्यंत जागून झोपेवरचे रील बघायचे.

बरं, आता लई झालं, दहा वाजत आले. मी गंगावेशीला कट्ट्यावर हाय, ये तू, उद्यापासनं काय काय बंद करायचं ते दूध पीत ठरवू. आणि येताना गाडीवरनंच ये, चालत येऊ नकोस, मसल जळतात.